‘रखमा’ हे ‘रुक्मिणी’चे अशुद्ध रूप काय?

पंढरपूरच्या पंचक्रोशीत आणि एकूणच भीमेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मुलींना जी नावे ठेवण्यात आली त्यांत ‘रखमा’ हे नाव ठळकपणे डोळ्यांत भरते. रखमा, रखुमा, रखमाबाई, रखुमाबाई, रुखमा, रुखमीण अशी त्याची अनेक रूपे आढळतात. या नावाचा अर्थ विचारला असता सुशिक्षितांकडून बहुधा एकच उत्तर मिळते : ‘रखमा’ म्हणजे ‘रुक्मिणी’, मूळ शब्द संस्कृत, त्याचा अर्थ सुवर्णकांतीची, ‘रखमा’ हा त्याचा ग्रामीण अपभ्रंश. हे उत्तर इतके सर्वमान्य आहे की, त्याची तपासणी करण्याची निकड कोणास भासत नाही. प्रस्तुत लेखात ती करावयाची आहे. ‘रखमा’ हे ‘रुक्मिणी’शी संबद्ध असले तरी ते एक स्वतंत्र मराठी नाव आहे, त्याला स्वतःचा ध्वनी-इतिहास आहे व स्वतःचा अर्थ आहे, आणि ते ‘सुधारण्याचा’ अधिकार ते धारण करणाऱ्या स्त्रीवाचून अन्य कोणासही नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम धात्वर्थाचा विचार करू. ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे या धातूपासून ‘रुक्म’ हा शब्द सिद्ध होतो; ‘युज्’पासून ‘युग्म’ आणि ‘तिज्’पासून ‘तिग्म’ व्हावा तसाच. ऋग्वेदात ‘रुक्म’ हा छातीवर धारण करावयाचा तेजस्वी अलंकार आहे. मरुतांना ‘रुक्मवक्षस्’ हे विशेषण त्यावरूनच मिळाले. अग्निचयनाच्या विधीत ‘रुक्म’ म्हणजे सोन्याची वर्तुळाकार चकती होय. पुढे या शब्दाला सामान्यतः ‘सुवर्ण’ हा अर्थ प्राप्त झाला. भागवताच्या दशम स्कंधात विदर्भाधिपती भीष्मकाच्या पाच पुत्रांची नावे दिली आहेत : रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश आणि रुक्ममाली, आणि त्यांची बहीण ती रुक्मिणी. म्हणजे हे नाव एकट्या मुलीच्या सौंदर्यावरून सुचलेले नसून ते एका कुळाच्या नामपद्धतीचा भाग आहे. ‘सोन्यासारखी दिसणारी’ असा जो अर्थ नावांच्या पुस्तिकांतून छापला जातो तो त्यामुळे अर्धाच खरा ठरतो. ‘रुक्म ज्यांच्यापाशी आहे त्या घरची लेक’ हा अर्थ निदान तितकाच जवळचा आहे.

आता ध्वनीकडे वळू. ‘रखमा’ हा शब्द अपभ्रंश आहे असे म्हणताना आपण नकळत असे गृहीत धरतो की, संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, मराठी या वाटेने झिजत झिजत तो आपल्यापर्यंत पोहोचला. वस्तुस्थिती निराळी आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात ‘क्म’ या जोडाक्षराचा ‘प्प’ होतो असा नियम दिला असून ‘रुप्पिणी’ हे त्याचे उदाहरण दिले आहे. म्हणजे प्राकृताच्या नैसर्गिक प्रवाहात रुक्मिणीची ‘रुप्पिणी’ झाली होती. गमतीचा भाग असा की, प्राकृतात ‘रुप्प’ म्हणजे चांदी. आपले ‘रुपे’ तेच. सोन्याच्या नावाची मुलगी उच्चाराच्या ओघात चांदीच्या शेजारी येऊन बसली! हा केवळ शब्दविनोद नव्हे. जैनांच्या भूगोलवर्णनात ‘रुक्मी’ नावाचा एक पर्वत आहे, आणि तत्त्वार्थसूत्रात तो सुवर्णमय नसून रजतमय सांगितला आहे. ज्या ‘तिलोयपण्णत्ती’त या विश्वरचनेचे सविस्तर वर्णन येते तो प्राकृत ग्रंथ सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला, हे येथील वाचकांना आठवत असेल.

‘रुप्पिणी’ या रूपापासून ‘रखमा’ निघणे शक्य नाही. तेव्हा ‘रखमा’ हा प्राकृतातून झिजत आलेला तद्भव शब्द नव्हे. पुराण, कीर्तन आणि देवालय यांच्याद्वारे ‘रुक्मिणी’ हा शब्द लोकांच्या कानांवर पुन्हा पडला आणि मराठी जिभेने तो आपल्या रीतीने घडविला. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर आणला, म्हणजे स्वरभक्ती केली. शेवटचे ‘-इणी’ गाळले. आणि ‘क’चा ‘ख’ केला. भाषाशास्त्राच्या परिभाषेत याला अर्धतत्सम म्हणावे लागेल. यातील पहिल्या दोन गोष्टी सहज समजतात. तिसरी मात्र विचार करावयास लावणारी आहे.

‘क्म’मध्ये महाप्राण नाही, मग ‘ख’ आला कोठून? सोलापूर हे तीन भाषांचे शहर असल्याने येथे तुलना सोपी आहे. कन्नड घरांत रुक्मव्वा, रुक्कव्वा. तेलुगू घरांत रुक्मम्मा, रुक्कम्मा. दोन्हीकडे ‘क’ कायम. मराठीत मात्र ‘ख’. गुजरातीकडे पाहिले तर तेथेही ‘रुखमणी’ आहे, आणि त्याजोडीने ‘रुक्ष्मणी’ असे लेखनही रूढ आहे. या ‘रुक्ष्मणी’त आमच्या मते उत्तराची किल्ली आहे. ‘क्ष’ हा ‘रुक्म’चा नव्हे, ‘लक्ष्मी’चा. लक्ष्मीची लखमी होते, लक्ष्मणाचा लखमण आणि लखू होतो. त्या ‘ख’ची छाया रुक्मिणीवर पडली असावी. पुराणांनी रुक्मिणीला लक्ष्मीचा अवतार मानले आहे. लोकांनी ती एकरूपता तत्त्वचर्चेत न मांडता उच्चारात मांडली. पंढरपुरात तर याला स्थानिक आधारही आहे. रुक्मिणी रुसून ज्या दिंडीरवनात येऊन बसली असे स्थलपुराण सांगते, तेथील देवीचे नाव ‘लखुबाई’. लखुबाई आणि रखुमाई या नावांतील अंतर किती थोडे! रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात दिंडीरवनातील या देवीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. लखुबाई ही मूळची स्थानिक देवता आणि रुक्मिणी ही पुराणातून आलेली राणी, अशा दोघींची गाठ ‘रखुमाई’ या नावात पडली असावी, हा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो मांडत आहोत. परंतु ‘ग्रामीण जिभेला क्म उच्चारता येत नाही’ या नेहमीच्या स्पष्टीकरणापेक्षा तो अधिक सयुक्तिक वाटतो. ज्या जिभेला ‘रखमा’तील ‘ख्म’ सहज पेलतो तिला ‘क्म’ पेलला नसता असे मानण्यास काहीच आधार नाही.

‘रखमा’ हे मराठीत स्वतंत्र प्रकृती म्हणून रुजले याचा आणखी एक पुरावा नामव्यवस्थेतच आहे. अंबेवरून अंबाजी, तुळजेवरून तुळजाजी, तसे रखमेवरून ‘रखमाजी’ हे पुरुषाचे नाव मराठी मुलखात रूढ झाले. ‘रुक्मिणीजी’ असे नाव कोणी ठेवले नाही. उलट दिशेने विठ्ठलावरून ‘विठाबाई’ झाले. तमाशाच्या इतिहासातील थोर कलावती विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरातच झाला होता. देवाचे नाव मुलीला आणि देवीचे नाव मुलाला देणारी ही पद्धत संस्कृत कोशाच्या आधाराने चाललेली नाही. ती स्वतःच्या नियमांनी चालते, आणि तिच्या नियमांत ‘रखमा’ हेच शुद्ध रूप आहे.

ग्रंथगत परंपराही याच बाजूची साक्ष देते. ज्ञानदेवांच्या अभंगांतील सुप्रसिद्ध नाममुद्रेत देवीचे नाव ‘रखुमादेवी’ असे येते. ज्ञानदेवांना ‘रुक्मिणी’ हा शब्द ठाऊक नव्हता असे कोणी म्हणणार नाही; परंपरेनुसार त्यांच्या मातोश्रींचेच ते नाव होते. तरीही मुद्रा घडविताना ‘रखुमा’ हे रूप आले. तुकोबांच्या प्रथम पत्नीचे नाव रखुमाबाई. दुष्काळात त्यांचा अंत झाला. दुसरीकडे नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (तेरावे शतक) आणि एकनाथांचे काशीत शके १४९३ मध्ये म्हणजे १५७१ साली पूर्ण झालेले ‘रुक्मिणीस्वयंवर’ यांनी तत्सम रूप ग्रंथनामातून प्रतिष्ठित केले. आद्य मराठी कवयित्री म्हणून गौरविल्या जाणाऱ्या महदंबेच्या धवळ्यांचा विषयही हाच विवाह होय. एकाच देवतेच्या दोन नावांनी मराठीत कामाची वाटणी करून घेतलेली दिसते : कथेत ‘रुक्मिणी’, हाकेत ‘रखुमाई’. आख्यान सांगावयाचे तेव्हा ती भीमकाची कन्या; आळवावयाचे तेव्हा ती रखुमाई. नाव हे मुळात हाक मारण्यासाठी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोहोंत अधिक मराठी कोणते हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

येथून आपण अर्थाच्या प्रश्नाकडे येतो. नाव ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात ‘रुक्म म्हणजे सोने’ हे समीकरण असण्याचा संभव फार थोडा. त्यांच्या मनात होती ती पंढरीची देवी. आणि ही देवी कशी आहे? महाराष्ट्रातील दैवतयुगुले बहुधा शेजारीशेजारी पाहण्याची आपल्याला सवय आहे. पंढरपुरात मात्र विठ्ठल आपल्या गाभाऱ्यात एकटा उभा आहे आणि रुक्मिणी त्याच आवारात, त्याच्या मागील बाजूस, आपल्या स्वतंत्र मंदिरात उभी आहे. पूजेची व्यवस्थाही दीर्घकाळ वेगळी होती : विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आले. परंतु देवळाची वेगळी भिंत आहे तेथेच आहे. या वेगळेपणाचे कारण सांगणारी कथा सर्वश्रुत आहे. द्वारकेत राधा कृष्णाच्या मांडीवर बसलेली असताना रुक्मिणी आली, राधा उठली नाही, म्हणून रुक्मिणी रुसून दिंडीरवनात निघून आली, आणि तिला शोधीत देव पंढरीस आला. या कथेनुसार पंढरीस प्रथम आली ती रखुमाई. विठोबा आला तो तिच्यामागून.

बायकांनी या कथेतील मर्म अचूक हेरले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ज्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, त्यांत विठ्ठल-रुक्मिणीचा संसार, तिचा रुसवा, जनीवरून होणारी तिची कुरकुर यांचे मोठे दालन आहे. या ओव्यांतील रुक्मिणी ही पतीच्या पायाशी बसलेली लक्ष्मी नाही. ती जाब विचारते, रुसते, आपले घर वेगळे मांडते, आणि तरी देवाच्या नावाआधी तिचे नाव घेतले जाते. शिवाय तिला माहेर आहे. विदर्भातील कौंडिण्यपूर हे तिचे माहेर मानले जाते आणि तेथून तिची पालखी आषाढीला पंढरीस येते. दळणाऱ्या स्त्रीने ‘रखमा’ या नावात वाचला तो हा अर्थ : मान राखून राहणारी, माहेर असलेली, रुसण्याचा हक्क असलेली स्त्री. हा अर्थ कोणत्याही धातुपाठात सापडणार नाही, पण मराठीपुरता तोच मुख्यार्थ आहे.

नाव माणसाला घडविते असा भाबडा सिद्धांत आम्ही मांडीत नाही. तथापि या नावाच्या इतिहासात एक व्यक्ती अशी आहे की, तिच्यानंतर या नावाचा अर्थ पूर्वीसारखा राहू शकत नाही. डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५) यांचा विवाह अजाण वयात झाला. त्यांना नांदावयास पाठवावे म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. तो अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये पतीकडे जा अन्यथा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दर्शविली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यामागील चर्चेत या खटल्याचा मोठा वाटा होता. खटला चालू असताना त्यांनी ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने वृत्तपत्राला पत्रे लिहिली होती. भागवतातील रुक्मिणीही पत्र लिहिते : सात श्लोकांचे, ब्राह्मणाहाती कृष्णाला पाठविलेले, आणि त्या पत्राने ती लादलेला वर नाकारते. पुराणातील राजकन्या आणि एकोणिसाव्या शतकातील ही स्त्री यांत कार्यकारणसंबंध जोडणे योग्य होणार नाही. पण दोघींच्या हाती लेखणी आहे आणि दोघींचा नकार विवाहाच्या सक्तीला आहे, हे साम्य नावाच्या अभ्यासकाने नोंदविलेच पाहिजे. मुख्य म्हणजे मराठीत त्या ‘रखमाबाई’ म्हणूनच ओळखल्या गेल्या. त्यांना ‘रुक्मिणीबाई’ करून घेण्याची गरज कोणास वाटली नाही.

मग ही गरज कोठे वाटते? ती आपल्या ललित वाङ्मयात वाटलेली दिसते. विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय कथा, नाटके आणि चित्रपट यांत रखमा म्हटली की ती बहुधा मोलकरीण, नाही तर खेड्यातील कुणी भाबडी बाई. ‘रुक्मिणी’ मात्र घरची मालकीण असू शकते. एकाच नावाची ही दोन रूपे वर्गभेदाच्या खुणा म्हणून वापरली गेली, आणि ती वापरणाऱ्यांना त्यात काही गैर वाटले नाही. समीक्षेनेही पात्रांच्या नावांमागील या सोयीस्कर वाटणीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. ‘अपभ्रंश’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या संज्ञेला जी सामाजिक धार आहे ती येथे उघडी पडते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो शास्त्राच्या बाजूने येणारा असल्याने त्याचा आदराने विचार केला पाहिजे. शब्दाची साधुता निश्चित करणे हे व्याकरणाचे काम आहे. विशेषनामेही त्यास अपवाद नाहीत, असे कोणी म्हणेल. पतंजलीच्या महाभाष्यात हीच चर्चा आलेली आहे. कोणी आपल्या मुलाचे नाव यदृच्छेने ‘लृतक’ असे ठेवले तर व्याकरणाने ते मानावे काय, असा तेथे प्रश्न आहे. आणि एक पक्ष ठामपणे सांगतो की, साधू रूप ‘ऋतक’ असल्याने तो मनुष्य ऋतकच होय, लृतक नव्हे. पक्ष शास्त्रदृष्ट्या बिनतोड आहे. पण त्या मनुष्याच्या आईने त्याला कोणत्या नावाने जेवावयास हाक मारली असेल, हा प्रश्न तो पक्ष विचारीत नाही. त्याच महाभाष्यात जाति, गुण, क्रिया यांच्या जोडीला यदृच्छाशब्दांचा वेगळा वर्ग मानलेला आहे, म्हणजे केवळ ठेवणाऱ्याच्या इच्छेने प्रवृत्त होणारे शब्द असतात हे शास्त्रालाही ठाऊक आहे. विशेषनामाची साधुता त्याच्या व्युत्पत्तीवर अवलंबून नसते. ज्याला ते लागले आहे तो त्या हाकेला ‘ओ’ देतो की नाही यावर असते.

ही चर्चा केवळ विद्वानांपुरती असती तर तिच्यासाठी इतकी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु शाळेच्या दाखल्यावर ‘रुक्मिणी’, सातबाऱ्यावर ‘रखमाबाई’, शिधापत्रिकेवर ‘रुखमा’ आणि आधारपत्रावर आणखी निराळेच रूप, अशी एकाच स्त्रीची चार नावे होतात, तेव्हा वारसाची नोंद करताना वा निवृत्तिवेतन मागताना आपण एकच बाई आहोत हे तिला प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करावे लागते. कोणा सद्धेतूने ‘शुद्ध’ लिहिणाऱ्याच्या लेखणीची किंमत तिने मोजावयाची! महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींच्या नावापुढे प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांत लावावयाचा आहे. स्त्रीचे नाव प्रथमच अशा रीतीने पुढील पिढीच्या नावाचा भाग होत असताना ते कोणत्या रूपात लिहिले जाते हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

नाव बदलूच नये असा याचा अर्थ नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’, ‘नकोशी’ अशी नावे असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ते योग्यच झाले. तेथे नावातच नकार होता आणि तो सोसणारी मुलगी त्यातून सुटू इच्छीत होती. लग्नात सोन्याच्या अंगठीने तांदळावर वधूचे नवे नाव लिहिण्याची चालही, जर ते नाव तिने निवडलेले असेल तर, आक्षेपार्ह मानण्याचे कारण नाही. कसोटी एकच : बदल कोणी मागितला? ‘रखमा’ची ‘रुक्मिणी’ करताना हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

या संदर्भात आपल्या घरचेच उदाहरण पुरेसे बोलके आहे. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठास २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. संस्कृत कोशात ‘अहिल्या’ हा शब्द नाही. तेथे आहे तो ‘अहल्या’. गौतमपत्नीचे ते नाव मराठीने पुढच्या ‘य’च्या ओढीने ‘अहिल्या’ असे उच्चारले, आणि चौंडीच्या कन्येने ते आपल्या कर्तृत्वाने असे काही उजळले की, आज ते नाव घेताच शापित शिळा डोळ्यांपुढे येत नाही, घाट आणि बारवा येतात. विद्यापीठाचे नाव ‘अहल्यादेवी’ असे दुरुस्त करावे असे कोणी सुचविलेले नाही आणि सुचवूही नये. राणीच्या बाबतीत आपण मराठी रूपाचा जो मान राखतो तोच शेतावर राबणाऱ्या रखमेच्या बाबतीत राखावयास काय हरकत आहे?

आमची सूचना दोन शब्दांत मांडता येईल. मराठी विभागांनी आपापल्या जिल्ह्यातील स्त्रीनामांचा संग्रह हाती घ्यावा. त्यात नाव धारण करणारी स्त्री जसे उच्चारते तसेच मुख्य नोंद म्हणून लिहावे, आणि संस्कृत मूळ असल्यास ते नंतर द्यावे. सोलापूर जिल्ह्यात तर एका रखमेच्या नोंदीखाली रुक्मव्वा आणि रुक्मम्मा याही येतील, आणि तीन भाषांनी एका देवीला तीन प्रकारे कसे आपलेसे केले हे एका पानावर दिसेल. अशा कोशात ‘रखमा’ या शब्दापुढे ‘अपभ्रंश’ असे न लिहिता ‘मराठी स्त्रीनाम’ एवढेच लिहिले, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही मानू.